करवंदाचं कुंपण आधी पिशवीत उभं राहतं

मे महिन्यात नाशिकच्या त्र्यंबक रस्त्याला पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं विकायला येतात. आपण एकेक तोंडात टाकतो, गर चोखतो आणि बिया थुंकून देतो. एका करवंदात दोन-चार बिया तरी निघतात. दहा गुंठ्यांच्या तुकड्याला चहूबाजूंनी काटेरी कुंपण करायचं ठरवलं, तर त्याला पुरेल एवढं बियाणं दोन-तीन द्रोणांतच असतं. बियाण्याला पैसा लागत नाही, झाड इथल्याच डोंगरातलं, तरी लावलेली कुंपणं पहिल्या उन्हाळ्यात वाळून जातात. असं का होतं, हे मला एक कुंपण गमावल्यावर कळलं.

गिरणाऱ्याच्या पुढे आमचा थोडा मुरमाड तुकडा आहे. तिथे पहिल्या वर्षी मी एका रोपवाटिकेतून बोटभर उंचीची दोनशे रोपं आणली आणि जुलैत लावून टाकली. पावसात सगळी हिरवीगार होती, दिवाळीपर्यंतही तरतरीत. होळीला मोजली तेव्हा साठेक उरली होती आणि मेअखेरीस अकरा. एक वाळलेलं रोप उपटून पाहिलं. मूळ माझ्या करंगळीहून थोडंच लांब, आणि त्याच्या आसपासची माती भाजल्यासारखी कोरडी. त्याच जागी टिकावाने आणखी वीतभर खणलं, तर खालच्या मातीला अजून गारवा होता. पाणी जमिनीत होतं, रोपाच्या मुळापासून वीतभर खाली.

जिवंत कुंपणाचं सगळं गणित त्या वीतभर अंतराचं आहे. नाशिक शहराच्या आसपास वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. इगतपुरीला तो तीन हजारांच्या वर जातो, येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास घुटमळतो. पण ऑक्टोबरपासूनचे आठ महिने कोरडे, हे तिघांनाही सारखंच. पाऊस थांबला की माती वरून सुकायला लागते आणि ओल दिवसागणिक खाली सरकते. रोपाचं मूळ तिच्यामागे धावत असतं. बोटभर रोपाची ही धाव उशिरा सुरू होते, शिवाय डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ मंदावते, आणि फेब्रुवारीत ऊन तापायला लागतं तेव्हा ओल त्याच्या हातून निसटलेली असते. वीतभर मूळ घेऊन जमिनीत उतरलेलं रोप मात्र आधीच पुढे उभं असतं. म्हणून लावण्याआधीचं वर्ष माती भरलेल्या काळ्या पिशवीत काढायचं, ते उंचीसाठी नव्हे. त्या वर्षात आपण मूळ वाढवत असतो.

करवंद विकायला येणाऱ्या हरसूलकडच्या एका मावशींना मी माझं दुखणं सांगितलं होतं. त्यांनी मलाच विचारलं, "उघड्या माळावर एकटं करवंद उगवलेलं पाहिलंय का कधी, दादा?" नव्हतं पाहिलं. पाखरांच्या विष्ठेतून पडलेली बी उगवते ती दगडाच्या आडोशाला, दुसऱ्या झुडपाच्या सावलीत, पाचोळ्यात. डोंगर त्याचं बालपण सांभाळतो. आपण ते सरळ उन्हात नेऊन रोवतो. पिशवीतलं वर्ष म्हणजे त्या आडोशाची भरपाई.

हा खटाटोप प्रत्येक कुंपणाला लागत नाही. शेर, निवडुंग, घायपात, गिरिपुष्प यांचे तुकडे, कंद किंवा फाटे पावसाच्या तोंडावर सरळ जमिनीत रोवले तरी लागतात. लवकर आडोसा हवा असेल तर तेच करावं. फक्त शेराचा चीक डोळ्यांत गेला तर फार मोठी इजा होते, लहान मुलं असलेल्या घराजवळ मी तो कधीच लावणार नाही. करवंदाचं तसं नाही. त्याचा फाटा सहजासहजी मूळ धरत नाही, बीपासूनच यावं लागतं आणि पहिलं वर्ष ते अगदी हळू वाढतं. पण एकदा बसलं की बारमाही हिरवं, दुबेळक्याचे कडक काटे, वाढलेल्या झाडाला शेळ्या फारसं तोंड लावत नाहीत, आणि वर लोणच्याला कच्ची फळं. एवढ्यासाठी वर्षभर थांबायला माझी हरकत नाही.

बी धरायचं ते पूर्ण काळ्या, बोटाने दाबलं की फुटणाऱ्या फळाचं. गर पाण्यात चोळून काढायचा, चीक फार असेल तर थोडी राख लावून चोळायचं, वर तरंगणारं बी टाकून द्यायचं आणि उरलेलं एखाद दिवस सावलीत पसरायचं. मग आठवड्याच्या आत पेरायचं. इथे पुष्कळ जण चुकतात. गहू, हरभऱ्याचं बी वाळवून डब्यात ठेवलं की झोपतं आणि पुढच्या हंगामाला जागं होतं. आंबा, जांभूळ, फणस यांच्या बियांना ही झोप ठाऊक नाही. पावसाच्या तोंडावर पिकायचं आणि लगेच ओल्या मातीत पडायचं, अशी त्यांची रीत. करवंदाचं बी कोयीइतकं नाजूक नसलं तरी त्याच गोतावळ्यातलं आहे. कागदाच्या पुडीत पुढच्या वर्षासाठी ठेवलेलं बी बहुतेक उगवतच नाही.

मी भाजीचे जुने क्रेट घेतो, तळाला गोणपाट अंथरतो आणि त्यात अर्धा इंच खोल ओळीने पेरतो. पंधरा दिवसांपासून महिन्याभरात कोंब वर येतात. जुलैत आभाळ भरलेलं, हवा दमट आणि रोपं दाट, अशा वेळी एक रोग हमखास येतो. सकाळी पाहावं तर चार-पाच रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडलेली. ही रोपमर. ती मातीतल्या बुरशीमुळे होते आणि साचलेल्या ओलीवर पोसते. म्हणून क्रेट पावळीखाली ठेवू नयेत, विरळ पेरावं आणि मातीत आधीच ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, मिसळावा. पडलेल्या रोपांभोवतीची मूठभर मातीही उचलून बाहेर टाकावी.

दोन-चार पानं आली की रोप पिशवीत हलवायचं. हे काम मी सावकाश आणि एकट्याने करतो. रोप देठाला धरायचं नाही, पानाला धरायचं. पान फाटलं तर दुसरं येतं, देठ दबला तर रोप गेलं. ओल्या मातीत पेन्सिलने सरळ भोक पाडायचं आणि मूळ त्यात लोंबतं सोडायचं. मूळ लांब असेल तर टोक नखाने खुडावं, पण कोंबून बसवू नये. आत वर वळलेलं मूळ पुढेही तसंच जाड होतं. चार वर्षांनी जोराच्या वाऱ्यात एखादं झाड बुडातून डुलताना दिसतं, त्याचं दुखणं बहुतेक या भोकातलं असतं.

आता पिशवीतली माती, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. शेतातली काळी माती चांगली म्हणून तीच पिशवीत भरली जाते. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. शेतात याच्या भेगा पडतात. पिशवीत मात्र सगळा गोळा विटेसारखा घट्ट होऊन पिशवीच्या कडेपासून सुटतो. मग झारीने घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जातं. वरून पाहणाऱ्याला वाटतं पाणी पोचलं, खालच्या भोकांतून थेंबही पडताना दिसतात, आणि मधला गोळा कोरडाच.

नुसती वाळू भरली तर उलटं. पिशवीत पाणी छान निचरतं, पण पुढे हीच वाळूची पिशवी काळ्या जमिनीत लावली की बारीक कणांची काळी माती ओल स्वतःकडे खेचून घेते आणि रोपाचा गोळा आधी सुकतो. भोवती ओल असूनही रोप कोमेजतं. म्हणून मी जिथे लावायचं तिथलीच माती एक घमेलं, वाळू एक घमेलं आणि जुनं शेणखत एक घमेलं असं घेतो. आमच्या मुरमाड मातीत वाळू निम्मी करतो. करवंदाच्या जुन्या जाळीखालची दोन मुठी मातीही मिसळतो, कारण बहुतेक रानझाडांच्या मुळांशी बुरशीचे बारीक धागे जोडलेले असतात आणि ते लांबवरचं पाणी आणि स्फुरद मुळापर्यंत आणून देतात. रोपमर करणारी बुरशी वेगळी, ही सोबतीची.

शेणखत जुनंच हवं. एकदा सप्टेंबरमध्ये ओळीतली सात-आठ रोपं उगाचच पिवळी पडली. एक पिशवी फाडून माती तळहातावर घेतली, तर पांढरी, जाड, चंद्रकोरीसारखी वळलेली अळी निघाली. हुमणी. मुळं साफ कुरतडलेली, रोप नुसतं मातीत टेकलेलं. अर्धवट कुजलेल्या खतातून ती आली होती. तेव्हापासून खत चाळणीतून गाळल्याशिवाय मी पिशवी भरत नाही. हाताला भुसभुशीत लागतं आणि शेणाचा वास येत नाही, तेच खत तयार झालेलं.

पिशवी केवढी? पहिल्यांदा चार बाय सहा इंचाची. सुरुवातीलाच मोठ्या पिशवीत का नाही, असं विचारतात. भांडी घासायचा ओला स्पंज हातावर आडवा धरा, थोडं पाणी गळून थांबेल. तोच उभा धरा, आणखी पाणी गळेल. म्हणजे कुठल्याही भरावाच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, आणि तो पिऊन टाकायला तिथे मुळं लागतात. मोठ्या पिशवीतल्या इवल्या रोपाची मुळं तिथवर पोचलेलीच नसतात. ती माती आंबते. लहान पिशवी मुळांनी भरली की ऑक्टोबरमध्ये, थंडी पडायच्या आधी, सहा बाय दहाच्या पिशवीत बदलायचं. त्याच रुंदीत जितकी उंच पिशवी मिळेल तितकी घ्यावी, आपल्याला मूळ खाली न्यायचं आहे. उंच पिशवीत तळाच्या त्या ओल्या थराच्या वर निचरलेली मातीही जास्त राहते, हे स्पंजाने दाखवलंच.

जमिनीवर ठेवलेल्या पिशव्यांची एक खोड सांगतो. तळाच्या भोकातून मूळ बाहेर पडतं आणि खालच्या जमिनीत शिरतं. मग रोप एकदम जोमात वाढतं आणि आपल्याला आनंद होतो. पण लावायच्या दिवशी पिशवी उचलली की तेच मुख्य मूळ तटकन तुटतं आणि रोपाचा अर्धा आधार जमिनीतच राहतो. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक पिशवी उचलून जागची हलवावी. बाहेर डोकावणारं मूळ कोवळं असतानाच तुटलं तर आत नवी तंतुमुळं फुटतात. विटांवर फळ्या ठेवून त्यावर पिशव्या मांडल्या तर आणखी चांगलं, हवेत आलेलं टोक आपोआप सुकतं.

डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करावं. निफाडकडे तर पारा पाच अंशांच्या खाली गेलेला असतो, रोप जवळजवळ थांबलेलं असतं. रोज झारी फिरवली तर पानं पिवळी पडतात आणि आपल्याला वाटतं खत कमी पडलं. युरियाच्या मोहात तर पडूच नये. युरियाने रोप फसफसून लांब होतं, काडी मऊ राहते, आणि असं रोप उन्हाळ्याच्या कामाचं नाही.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. मन धजत नाही, मलाही पहिल्यांदा धजलं नव्हतं. पण शेंड्यात ऑक्झिन नावाचं एक द्रव्य तयार होतं, ते खाली उतरत राहतं आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की तो दाब सुटतो आणि खालचे डोळे फुटतात. कुंपणाला वरची उंची केव्हाही मिळते, बुडाशी फांद्या मात्र लहानपणीच मिळाल्या तर मिळतात. बूड उघडं राहिलेल्या कुंपणातून कोंबड्या, कुत्री, करडं बिनधास्त ये-जा करतात.

सावलीतलं रोप उन्हात कधी आणायचं, यावर पुष्कळांचा घोटाळा होतो. जूनमध्ये लावायचं म्हणून मेमध्ये उन्हात काढतात आणि चार दिवसांत पानं करपतात. सावलीत उगवलेलं पान पातळ आणि पसरट असतं, उन्हात उगवलेलं लहान, जाड, मेणचट. एकदा तयार झालेलं पातळ पान पुढे जाड होत नाही. रोपाला नवी पानंच काढावी लागतात आणि त्याला महिना-दीड महिना लागतो. तो महिना मऊ उन्हाचा हवा. म्हणून मी महाशिवरात्रीच्या सुमाराला शेडनेटखालच्या पिशव्या आधी सकाळच्या उन्हात, मग दिवसभराच्या उन्हात सरकवतो. पाडव्यापर्यंत नवी चकचकीत पालवी आलेली असते आणि ती एप्रिल-मे सोसते. पाण्याच्या पाळ्याही हळूहळू लांबवतो, पान जरासं मलूल दिसेपर्यंत थांबून मग भरपूर पाणी.

कडेच्या ओळीची मात्र काळजी घ्यावी. काळी पिशवी दुपारी तापते आणि आतल्या कडेला चिकटलेली मुळं उकडून निघतात. दक्षिण-पश्चिम बाजूच्या पिशव्यांना ओलं गोणपाट गुंडाळलं किंवा निम्म्या उंचीपर्यंत माती लावली तरी पुरतं.

मेअखेरीस एक पिशवी नमुन्याला सोडून पाहावी. रोप तिरपं धरून पिशवी सावकाश ओढली की मातीचा गोळा न फुटता बाहेर यावा आणि त्याच्या अंगावर पांढरी टोकं चहूकडे दिसावीत. गोळा फुटला तर मुळं अजून भरली नाहीत. मुळं तळाशी जिलबीसारखी वेटोळी झाली असतील तर आपण उशीर केला. असं रोप जमिनीत गेल्यावरही मुळं गोल गोल फिरवत राहतं. थोडी वेटोळी असतील तर धारदार चाकूने गोळ्याला उभे दोन-तीन चिरे द्यावेत. दोन-दोन वर्षं पिशवीत राहिलेली, कमरेएवढी उंच रोपं विकायला असतात, ती मी घेत नाही. घेताना उंचीपेक्षा तळ पाहावा.

लावणी मृगाच्या पहिल्या सरीवर करू नये. पहिला पाऊस माती वरवर भिजवतो, मग दहा-बारा दिवस उघडीप पडते. हाताने खणून वीतभर खाली ओल लागली की सुरुवात करायची, बहुतेक वर्षी ती आर्द्रात लागते. दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल चर, त्यात माती आणि शेणखत भरून घेतलेलं. रोपं दोन ओळींत नागमोडी, ओळीतल्या दोन रोपांतलं अंतर दोन फूट. दहा गुंठ्यांच्या चौकोनी तुकड्याचा घेर सुमारे ४१७ फूट, म्हणजे दोन ओळींना सव्वाचारशेच्या आसपास रोपं. पिशवी पूर्ण काढायची, नुसती चिरून तशीच पुरायची नाही. काळ्या जमिनीत रोप दोन बोटं उंचावर लावावं म्हणजे बुडाशी पाणी साचणार नाही, मुरमाडात थोडं खोलगट आळं करावं. पाऊस संपल्यावर बुडाशी पाचट किंवा गवताचं आच्छादन घालावं आणि पहिला उन्हाळा दहा-पंधरा दिवसांनी एक पाणी द्यावं, थोडं थोडं रोज नव्हे. खोल गेलेलं पाणी मुळाला खाली बोलावतं.

आणि कोवळ्या कुंपणालाच पहिली दोन वर्षं कुंपण लागतं. बोरी-बाभळीच्या काट्या बाहेरून रचायच्या. ही युक्ती फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी मिठावरचा कर बुडू नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची एक रेषा आखली होती. तिच्यावर आधी वाळक्या काट्यांचा बांध होता. त्याला वाळवी लागायची, आग लागायची, वादळात तो उडून जायचा. १८६७ ते १८७० या काळात तिथे आयुक्त असलेल्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याच्या जागी जिवंत कुंपण वाढवायचा ध्यास घेतला. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत होते तेच हे ह्यूम. त्या कुंपणात बोर, बाभूळ, निवडुंगाबरोबर करवंदही होतं. जिथे जमीन वाईट तिथे चर खणून चांगली माती भरली जायची. १८७९ मध्ये ती रेषा बंद झाली. गरिबाच्या मिठावर कर घेण्यासाठी उभारलेलं ते कुंपण गेलं हे चांगलंच झालं, पण वाळक्या काट्यांच्या मागे चर भरून करवंद वाढवायची रीत आजही जशीच्या तशी चालते.

सव्वाचारशे लागणार असतील तर पावणेपाचशे पिशव्या भराव्यात. वरची पन्नास नांग्या भरायला. ऑगस्टमध्ये एकदा ओळीतून चालत जावं आणि जिथे रोप बसलेलं नाही तिथे त्याच वयाचं, त्याच मातीतलं दुसरं लावावं. पुढच्या वर्षी लहान रोप आणून नांगी भरली तर दोन्ही बाजूंची वाढलेली रोपं त्याचं ऊन आणि पाणी खाऊन टाकतात, आणि नेमक्या त्याच फटीतून शेळी आत येते.